आप्पा खरे कोणते?

पत्र

नमस्कार ताई,

माझं सासर अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात. लग्न १९९९ सालचं. सासरे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. ते मागच्या वर्षी गेले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे.

गावात आप्पांबद्दल कोणी बरं बोलत नाही. खडूस, माणूसघाणा, असंच म्हणतात. थकबाकी असली की चारचौघांत तोंडावर सांगायचे, मग समोर सरपंच असो की सोयरा. एकदा एक विधवा बाई निल दाखला, म्हणजे थकबाकी नसल्याचा कागद, मागायला दारात आली होती. तिला त्यांनी ओट्यावरूनच वाटेला लावलं, साधं पाणी विचारलं नाही. मी आत पीठ मळत होते. ते मला अजून टोचतं. आप्पा गेल्यावर गंधमुक्तीच्या विधीला नात्यातली माणसं सोडली तर फारसं कोणी आलं नाही.

पण घरातले आप्पा मी पाहिलेत. मला भाऊ नाही, वडील लग्नाआधीच वारले. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला गल्लीतल्या सगळ्या सुनांना माहेरी न्यायला मुऱ्हाळी आले. मला कोण येणार? मी चुलीपुढे बसून डोळे पुसत होते. आप्पांनी बाहेरूनच आवाज दिला, "पिशवी भर. साडेनऊची गाडी आहे." आणि स्वतः मला माहेरी पोचवायला आले. माझ्या आईकडे पाणी प्यायले, अर्धी सांजोरी खाल्ली आणि परतीच्या गाडीने निघून गेले. पुढे दर आखाजीला तेच. त्याविषयी चकार शब्द नाही.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांचं बाकी सगळं मी करायचे, पण वेणी आप्पा घालायचे. दार लोटून. एकदा फटीतून दिसलं. वेणी वाकडी होत होती, ती सोडून परत घालत होते आणि मधेमधे विचारत होते, "दुखस का?" तेवढ्यात बाहेरून कोणी हाक मारली. फणी उशीखाली गेली आणि चेहरा परत सोसायटीतला झाला.

माझे धाकटे दीर जळगावला असतात. त्यांचा गोतावळा मोठा. रक्तदान शिबिर असो, कोणाला दवाखान्यात भरती करायचं असो, पहिले धावतात. सासूबाईंच्या दवाखान्याचा खर्चही त्यांनीच केला. पण सासूबाईंच्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. म्हणायचे, "मला बघवत नाही." आता त्यांनी पेपरात पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायचं आणि चौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं आहे. मजकूर असा: गोरगरिबांचे कैवारी, दानशूर, समाजभूषण. गाव हसेल हो.

मी यजमानांना म्हटलं, खोटं कशाला, आप्पांचं जे खरं होतं तेच लिहू. तर ते म्हणाले, "तुझ्याशी चांगले होते. माझ्याशी जन्मात कधी धड बोलले नाहीत." तेव्हापासून मीच गोंधळले. गाव म्हणतं ते आप्पा खरे, की मी पाहिले ते? की मी त्यांचं केलं म्हणून ते माझ्याशी बरे वागले? त्या दिवशी दोन शब्द मीच बोलावे असं यजमानांचं म्हणणं आहे. काय बोलू?

तुमची एक वाचक, सून

उत्तर

ताई,

तुमचा शेवटचा संशय आधी निकालात काढू. तुम्ही आप्पांचं केलं म्हणून ते तुमच्याशी बरे वागले का? पहिल्या आखाजीपर्यंत तुम्ही त्यांचं काय केलं होतं? घरात येऊन काही महिने झालेली सून. चार भाकरी थापल्या असतील, त्यातल्या दोन करपल्या असतील. त्यांच्यावर तुमचे कसले उपकार नव्हते.

आणि ते आले नसते तर त्यांना कोणी बोल लावला असता का? मुळीच नाही. "भाऊ नाही बिचारीला, काय करणार" असं म्हणून गल्ली मोकळी झाली असती. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे आखाजी म्हणतात, आणि ती सासुरवाशिणींची असते. गौराई बसते, निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, आमरस होतो. लेकीला न्यायला माहेराहून कोणीतरी यावं लागतं, तो मुऱ्हाळी. तो आला नाही की त्या दिवशी गल्लीतली प्रत्येक निघणारी पिशवी डोळ्यांत खुपते. हे बाईला कळतं. सासऱ्याला कळावं अशी कोणाची अपेक्षा नसते, आणि कळलं तरी त्याने उठून काही करावं अशी तर नाहीच. त्या काळात, आपल्या भागात, सासरा सुनेचा मुऱ्हाळी होऊन एसटीत बसला म्हणजे स्टँडवर कोणीतरी टोमणा मारलाच असणार. सोसायटीच्या सचिवाला टोमणा मारायची संधी गावाने सोडली असेल असं मला वाटत नाही. तरी ते दरवर्षी गेले.

"पिशवी भर" हे वाक्यही बघा. त्यात गोडवा नाही. तुमची समजूत काढली नाही, "मी आहे ना पोरी" असलं काही म्हटलं नाही. गाडीची वेळ तेवढी सांगितली. घरातल्या माणसाची पारख करताना आपण बहुतेक वेळा बोलण्यावरून करतो आणि तिथेच फसतो. मे महिन्यात दुपारी एकला शेतातून आलेला माणूस गोड बोलत नसतो. आपल्याकडचं पंचेचाळीस अंशांचं ऊन डोक्यावर घेतल्यावर संतसुद्धा खेकसेल. म्हणून मी आवाजाकडे फार लक्ष देत नाही. हात काय करतात ते बघते. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत जिभेवर साखर असलेल्या नवऱ्यांबद्दलची पत्रं काही कमी नसतात.

आता मोठा प्रश्न, खरे आप्पा कोणते.

घरातल्या वागण्याला मी जास्त वजन देते, त्याचं कारण सांगते. बाहेर प्रत्येकावर कोणाची ना कोणाची नजर असते. सोसायटीचं दरवर्षी लेखापरीक्षण होतं, संचालक मंडळ असतं, वर जिल्हा बँक असते, निवडणुकीत पाडणारे मतदार असतात. घराचं ऑडिट कोणी करत नाही. तिथे ज्याचा शब्द चालतो त्याने वाईट वागायचं ठरवलं तर अडवणारं कोणी नसतं, आणि चांगलं वागला तर वाहवा करणारंही नसतं. बिछान्याला खिळलेली बायको आणि माहेरचा आधार नसलेली सून, या दोघी त्या घरात सगळ्यांत कमी ताकदीच्या. दोघींनाही तक्रार घेऊन जायला जागा नव्हती. अशा माणसांशी आप्पा कसे वागले, ही साक्ष माझ्या लेखी चौकातल्या शंभर साक्षींपेक्षा जड आहे.

पण ती एकटीच साक्ष आहे असं मी म्हणणार नाही. त्या विधवा बाईचं काय?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. थकबाकी असताना निल दाखला न देणं हा त्यांचा दोष नव्हता, ती त्यांची नोकरी होती. गावातल्या लोकांना हे कडू लागतं, पण सोसायटीची वसुली घसरली की जिल्हा बँक हात आखडता घेते, आणि मग वेळेवर भरणाऱ्या शेतकऱ्यालाही पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी खेटे घालावे लागतात. मार्चअखेर जवळ आला की सचिवाचं तोंड कडू होणारच. एकाला सवलत दिली की दुसरा दारात उभा. "आप्पा वाकत नाहीत" असं गाव रागाने म्हणत असेल, तर त्यात त्यांच्याही नकळत थोडी स्तुती आहे. सोसायट्या बुडाल्या त्या वाकणाऱ्या सचिवांमुळे आणि वाकवणाऱ्या पुढाऱ्यांमुळे.

पाणी न विचारणं ही मात्र त्यांची चूक. नियम सांगताना पाण्याचा तांब्या पुढे करायला कुठल्या कायद्याची आडकाठी होती? ती बाई दाखल्याविना गेली असती, पण अपमान घेऊन गेली नसती. सुनेच्या डोळ्यांतलं पाणी ज्याला दिसलं त्याला ओट्यावरच्या बाईची कोरडी जीभ दिसली नाही. हेही आप्पाच. घरातल्या चांगुलपणाने ते पुसलं जात नाही आणि तुम्हीही पुसू नका. तुम्हाला ते अजून टोचतं हे मला बरं वाटलं.

वेणीपाशी मात्र मला थांबायचंच आहे. पत्रातला तो भाग मी परत परत वाचला.

अंथरुणाला खिळलेल्या बाईचे केस बहुतेक घरांत कापून टाकतात. गुंता होतो, उवा होतात, कोण विंचरणार, म्हणून कात्री चालवतात. कोणी त्याला क्रूरपणा म्हणत नाही, सोयच असते ती. आप्पांनी सोय बघितली नाही. बायकोचे केस ठेवले आणि या वयात वेणी घालायला शिकले. त्या पिढीतल्या खान्देशी पुरुषाने जेवलेलं ताट उचललं तरी घरात बातमी व्हायची! आणि वेणी वाकडी झाली तर ती सोडून परत घातली. कोणासाठी? ती बाई छताकडे बघत पडलेली. तिला आरसा नाही, भेटायला येणारी माणसं मोजकी, वेणी पाठीखाली दबून जाणार. वाकडी राहिली असती तरी जगात कोणाला कळलं नसतं. तरी त्यांना ती सरळ हवी होती, कारण सासूबाईंना ती तशी आवडत असणार. आणि "दुखस का?" हा प्रश्न. आजारी माणसाचं सगळेजण करतात, पण करताना त्याला विचारत नाहीत. उचलतात, पुसतात, वळवतात, गाठोड्यासारखं. विचारणारा माणूस समोरच्याला अजून माणूस समजत असतो.

हे सगळं मान्य. पण मग त्यांनी फणी उशीखाली का लपवली?

लाज. आपल्याकडे बायकोचं केलेलं दिसलं की पुरुषाला बैल म्हणतात, त्याची धास्ती. आप्पांना खडूस म्हटलेलं चालत होतं, हळवं म्हटलेलं चाललं नसतं. आणि ताई, त्या लोटलेल्या दाराची किंमत कोणी मोजली ते बघा. तुमचे यजमान म्हणतात, वडील माझ्याशी कधी धड बोलले नाहीत. दीर म्हणतात, मला बघवत नाही. दोघे त्याच घरात वाढले. फटीतून जे तुम्हाला दिसलं ते या दोघांना कधी दिसलंच नाही. त्यांच्या वाट्याला आले ते फक्त सोसायटीतले आप्पा. बापाने दार उघडं ठेवून आईची वेणी घातली असती, तर धाकट्याला कदाचित बघवलं असतं. चांगुलपणा दवंडी पिटून करायचा नसतो हे आपण ऐकत आलोय आणि ते बरोबरही आहे, पण तो पोटच्या पोरांपासूनसुद्धा लपवायचा, हा शहाणपणा नव्हे.

याउलट माणूस तुमच्याच गावाजवळ होऊन गेला. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शाळेत शिकवायला होते आणि छात्रालय सांभाळायचे. मुलांची अस्ताव्यस्त अंथरुणं आवरणं, त्यांचे कपडे धुणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं ही कामं ते मुलांच्या घरात, म्हणजे छात्रालयात, गाजावाजा न करता करत. पण दार लोटून नव्हे. मुलांना ते दिसायचं, आणि दिसलं म्हणून ती मुलं हळूहळू स्वतः करू लागली. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या माणसांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले तेही तेच गुरुजी. आत आणि बाहेर एकच माणूस. हे दुर्मीळ असतं, आप्पांकडून तेवढी अपेक्षा मी करत नाही. तुमच्या-माझ्याकडूनही नाही.

दिरांविषयी थोडं. तुमच्या पत्रात त्यांच्यावरचा राग दिसतो आणि तो मला समजतो. गू-मूत तुम्ही काढलंत आणि नाव त्यांचं झालं. पण त्यांचं रक्तदान खोटं नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात धावणारा माणूस ज्याच्या घरी हवा असतो त्याला विचारा. खर्च त्यांनी केला, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, तो तुमचा सरळपणा. त्यांची अडचण एवढीच की त्यांचा चांगुलपणा उंबऱ्याबाहेर सुरू होतो. "बघवत नाही" हे वाक्य आपल्याकडचे पुरुष फार सहज वापरतात, आणि ते ऐकून बायका मुकाट्याने आत जातात आणि बघतात. तुम्हाला बघवत होतं का? हे त्यांना एकदा विचारा. भांडायला म्हणून नको, आणि वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पंगतीत तर नकोच. ते एकटे असताना विचारा.

यजमानांशी वाद घालू नका. त्यांचे आप्पा खोटे नाहीत. घर म्हणजेही एकच खोली नसते. कोणी बायकोशी मऊ असतो आणि थोरल्या लेकाशी कोरडा, कोणी नातवाला खांद्यावर घेतो आणि मुलाच्या पाठीवर कधी हात ठेवत नाही. "आप्पा किती चांगले होते" असं तुम्ही जितकं पटवायला जाल तितके ते आत मिटतील, कारण त्यांना त्यात ऐकू येतं ते असं, की मग माझ्यातच काहीतरी कमी असेल. त्यांना वेणीची गोष्ट सांगा. नुसती सांगा, जशी मला लिहिलीत तशी. "बघा, असे होते तुमचे वडील" हे शेपूट जोडू नका. सांगून झालं की ताटं उचला. ते काही बोलले तर ऐका. कदाचित त्यांनाही काहीतरी आठवेल, कदाचित नाही आठवणार. नाही आठवलं तर ते त्यांचं दुःख आहे, त्याला तुमच्याजवळ औषध नाही.

आता त्या दिवशी काय बोलायचं. आखाजीचं बोला, वेणीचं बोलू नका. वेणी सासूबाईंचीही होती. त्यांचं परावलंबन माईकवरून गावभर जावं असं त्यांना आवडलं नसतं, आणि मंडपात "किती प्रेमळ" असे उसासे ऐकायला आप्पा असते तर उठून गेले असते. ती गोष्ट दोन्ही मुलांना आणि नातवंडांना घरात सांगा. नातवंडांना तर नक्की.

आखाजीचं मात्र सगळ्यांसमोर सांगा. पिशवी, साडेनऊची गाडी, अर्धी सांजोरी, परतीची एसटी. त्या मंडपात अशा बायका असतील ज्यांना मुऱ्हाळी कोण आणि तो न येणं काय असतं हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. आप्पा कडक होते हे आधी तुम्हीच म्हणून टाका, म्हणजे गावाला कुजबुजायला काही उरणार नाही. "गावाला आप्पा कडक वाटले, ते होतेच. मला माहेरी पोचवायला कोणी नव्हतं, तेव्हा ते आले." मग गप्प बसा. पाच मिनिटांच्या वर बोलू नका, वर्षश्राद्धाला लोकांचं अर्धं लक्ष पंगतीकडे असतं.

त्या विधवा बाई गावात असतील, त्या नसतील तर त्यांच्या घरचं कोणी असेल. आमंत्रण निरोप्याकरवी पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. त्या दिवसाचा विषय काढायची गरज नाही आणि आप्पांच्या वतीने माफी मागायची तर त्याहून नाही. बसा, त्यांनी दिलेलं पाणी प्या, जेवायला या म्हणा. नाही आल्या तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांचा तो हक्क आहे.

राहिली जाहिरात. दिरांना फोन करून "हे खोटं आहे" म्हणालात तर फ्लेक्स दुप्पट मोठा होईल. त्यापेक्षा दुसरा मजकूर तयार करूनच पाठवा. नाव, गाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, विकास सोसायटीत अमुक साली लागले आणि अमुक साली निवृत्त झाले, आणि त्यांच्या काळात सोसायटीच्या हिशेबावर कधी ठपका आला नसेल तर तेवढी एक ओळ. हे आधी सोसायटीच्या दप्तरातून खात्री करून घ्या, अंदाजाने छापू नका. "कैवारी" आणि "दानशूर" काढा. "समाजभूषण" तर असा कोणता पुरस्कार मिळालेला नसेल तर काढाच, गावात कोणीतरी विचारतंच. शोकाकुल म्हणून खाली नावं येतात त्यांत सुनांची आणि लेकींची नावं घाला, बऱ्याच जाहिरातींत ती गाळतात. आणि मजकूर पेपरवाल्यांकडे जाण्याआधी यजमानांना एकदा वाचायला द्या. थोरला मुलगा आहे, त्यातलं काही त्यांना खोडायचं असेल तर खोडू द्या.

दिरांना स्वतःचा फोटो कोपऱ्यात हवा असेल तर त्यावरून अडू नका. पैसे तेच भरणार आहेत. फक्त आप्पांच्या फोटोपेक्षा तो लहान असावा, एवढं बघा.